तेरावा पर्याय

कुणाला जुन्या नाटकांच्या जाहिराती जमवायचा नाद असतो, कुणाला काडेपेट्यांचा. मला गाड्यांच्या वायरिंगच्या नकाशांचा आहे. गाडी चालवण्यात मी बेताचाच. पण इंजिनाच्या कम्प्युटरमधून, म्हणजे ईसीयूतून, निघालेली वायरींची जुडी कुठे फुटते, कुठल्या सेन्सरला पाच व्होल्ट जातात आणि अर्थिंग कुठे दिलंय, हे बघत बसलो की मला वेळेचं भान राहत नाही. या नादातूनच एक प्रश्न मागे लागला. घरच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं काम चाललेल्या, टर्बो बसवून चारशे-पाचशे अश्वशक्तीवर नेलेल्या जुन्या गाडीत कंपनीने कधीच न दिलेलं ट्रॅक्शन कंट्रोल मागाहून कसं घालतात? उत्तर हुडकताना मी इंजिनं तर सोडाच, गाड्याही बनवत नसलेल्या लिव्हरपूलच्या एका कंपनीपाशी पोचलो आणि १९९४ सालच्या एका निवेदनात अडकलो. या लेखाचा तोल त्यामुळे तिकडे झुकणार, हे आधीच सांगतो.

मूळ कल्पना सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात नसते. टायरची पकड सर्वांत जास्त असते ती चाक जराही घसरत नसताना नव्हे. कोरड्या डांबरावर चाक गाडीच्या वेगापेक्षा साधारण दहा-पंधरा टक्के जास्त फिरत असतं, तेव्हा पकड शिखराला असते आणि त्यापुढे ती ढासळते. म्हणून चांगलं ट्रॅक्शन कंट्रोल घसरणं बंद करत नाही, ते त्या शिखराच्या आसपास धरून ठेवतं. ब्यूइकने १९७१ मध्येच ‘मॅक्सट्रॅक’ नावाची यंत्रणा विकायला काढली होती. पुढच्या चाकाचा वेग आणि गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा वेग ताडून ती इग्निशन तोडत असे. ती फार वर्षं टिकली नाही. १९७८ मध्ये बॉशचं एबीएस मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आलं आणि चाकांचा वेग मोजणारे सेन्सर गाडीत आले. पुढचा इतिहास कंपन्यांच्या माहितीपत्रकांत आहे आणि कंटाळवाणा आहे.

घरी काम करणाऱ्याचे प्रश्न निराळे असतात. ताकद कमी करायची, पण कशी? इग्निशन मागे सरकवलं तर परिणाम लगेच होतो, पण एक्झॉस्ट तापतो आणि टर्बोचे हाल होतात. ठिणगीच तोडली तर न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळवतं. पेट्रोल तोडलं, तर ते पुन्हा सुरू होतानाचे पहिले काही स्फोट पातळ मिश्रणावर होतात, कारण इनटेकच्या भिंतीवरचा पेट्रोलचा थर सुकलेला असतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल मिटवणं सर्वांत सभ्य, पण मॅनिफोल्डमध्ये आधीच शिरलेल्या हवेचं काय? तेवढ्या वेळात गाडी आडवी झालेली असते. माझं मत विचाराल तर थोडं इग्निशन मागे आणि वर एखाद-दुसऱ्या सिलिंडरची ठिणगी बंद, ही जोडी त्यातल्या त्यात बरी.

दुसरा घोळ सेन्सरचा. जुन्या एबीएसचे चुंबकीय सेन्सर चाक जितक्या वेगात फिरेल तितका जोरदार सिग्नल देतात. म्हणजे गाडी जागेवरून सुटताना, नेमकी गरज असते तेव्हा, पुढच्या चाकाचा सेन्सर जवळजवळ मुका असतो. शिवाय पुढचं चाक स्थिर असताना घसरणीचं गुणोत्तर काढायला गेलं तर शून्याने भागण्याची वेळ येते, म्हणून प्रत्येक यंत्रणेत अमुक वेगाखाली गप्प बसायची सोय करावी लागते. आणि वायरिंग! क्रँक सेन्सरची वायर शील्डेड नसेल, किंवा सेन्सरचं अर्थिंग आणि इग्निशन कॉइलचं अर्थिंग एकाच बोल्टवर बांधलं असेल, तर ईसीयूला आरपीएममध्ये खोट्या उड्या दिसतात. गाडी सरळ कोरड्या रस्त्यावर असते आणि ट्रॅक्शन कंट्रोल समजतं की चाक सुटलं. दोष मात्र सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो.

असल्या उचापती करणाऱ्यांसाठी २००१ साली ब्रूस बोलिंग आणि ॲल ग्रिपो या दोन अमेरिकनांनी ‘मेगास्क्वर्ट’ हा ईसीयू काढला. त्याआधी मोटोरोलाच्या ६८३३२ या चिपवर ‘ईएफआय३३२’ नावाचा सामुदायिक प्रयत्न झाला होता, पण सगळ्यांना सगळंच हवं असल्याने तो जड झाला. या दोघांनी उलट केलं. साधी आठ-बिटी चिप, फक्त पेट्रोलचा हिशेब, आणि सुटे भाग ग्राहकाच्या हाती, झाळकाम त्याने स्वतः करायचं. इग्निशनचा भाग नंतर इतरांनी जोडला. कोड वाचायला खुला, पण चालवायचा त्यांच्याच हार्डवेअरवर, या अटीवरून पुढे चाहत्यांत भांडणं झाली. अट मला तरी रास्त वाटते. पुढे संपूर्ण मुक्त कोडचे ईसीयूही रचले गेले. ‘रसईएफआय’ आणि आर्दुइनोवर चालणारं ‘स्पीडुइनो’ ही त्यातली आज चालणारी नावं.

याच मेगास्क्वर्टच्या तिसऱ्या पिढीत ‘परफेक्ट रन’ नावाचा एक पर्याय आहे आणि त्याने मला जागचं हलवलं. चाकाचे सेन्सर नसले तरी चालतं. गाडी सुटल्यापासून कितव्या क्षणाला इंजिन किती आरपीएमवर असावं, याचं एक कोष्टक आपण भरायचं. इंजिन त्याहून वेगाने चढलं की चाक घसरलं असं धरून ईसीयू ताकद कापतो. ड्रॅग रेसिंगमधले काही तयार डबे इंजिनाऐवजी प्रॉपेलर शाफ्टचा वेग धरून हेच करतात. म्हणजे ‘परफेक्ट रन’मध्ये वेगळी वायर नाही, सेन्सर नाही, डबाही नाही. क्रँक सेन्सर आणि इग्निशन अशा गाडीत असतंच. आहे ते फक्त आकड्यांचं कोष्टक. मग ‘या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आहे का?’ याचं उत्तर गाडी उघडून देता येईल का?

नेमका हाच प्रश्न १९९४ मध्ये फॉर्म्युला वनला पडला.

आदल्या वर्षी मॉन्ट्रियलला शर्यतीच्या अधिकाऱ्यांनी जवळपास सगळ्याच गाड्या नियमबाह्य ठरवून खळबळ उडवली होती. त्यातून तडजोड निघाली की १९९४ पासून ट्रॅक्शन कंट्रोल, आपोआप सुटण्याची ‘लाँच कंट्रोल’ आणि इतर मदती बंद. पण इंजिनाचा कम्प्युटर तर राहणारच होता. हंगामाच्या दुसऱ्याच शर्यतीत, १७ एप्रिलला जपानमधल्या आईदाला, चालक आयर्टन सेना पहिल्या वळणावर धडक बसून बाहेर पडला आणि गॅरेजमध्ये न जाता ट्रॅकच्या कडेला उभा राहिला. बेनेटन संघाच्या मायकेल शूमाकरची गाडी वळणातून बाहेर पडताना जो आवाज करत होती, तो ऐकून तिच्यात बंदी घातलेलं ट्रॅक्शन कंट्रोल असल्याचा त्याचा संशय पक्का झाला. त्याच शर्यतीत फेरारीचा बदली चालक निकोला लारिनी पत्रकारांसमोर ट्रॅक्शन कंट्रोलविषयी भलतंच काही बोलून गेला आणि मग त्याला आणि फेरारीला इन्कार करावा लागला. दोन आठवड्यांनी इमोलाची शर्यत, १ मे, आणि सेना अपघातात गेला.

इमोलाच्या पहिल्या तीन गाड्या बेनेटन, फेरारी आणि मॅक्लारेनच्या. दुसरा आला तो हाच लारिनी. खेळाची नियामक संस्था एफआयएने तिन्ही संघांकडे कम्प्युटरचा सोर्स कोड मागितला. फेरारीने दिला. बेनेटन आणि मॅक्लारेनने ‘ही आमची बौद्धिक मालमत्ता’ म्हणून टाळाटाळ केली आणि त्यापायी पुढे दोघांना प्रत्येकी १ लाख डॉलर दंड झाला. कोड वाचायचं काम दिलं गेलं लिव्हरपूल डेटा रिसर्च असोसिएट्स, म्हणजे एलडीआरए या कंपनीला.

या कंपनीमागचा माणूस मला सगळ्या चालकांपेक्षा जास्त भावला. मायकेल हेनेल लिव्हरपूल विद्यापीठात अणुभौतिकीच्या संशोधनात होता. आपली गणितं ज्या तयार प्रोग्रॅमांवर उभी आहेत ते कितपत भरवशाचे, ही शंका त्याला छळत होती. म्हणून त्याने प्रोग्रॅम तपासायची एक रीत १९७६ मध्ये मांडली. कोडचे सलग तुकडे पाडायचे, एक तुकडा संपून प्रोग्रॅम कुठे उडी मारतो हे नोंदवायचं, आणि चाचण्यांत कुठले तुकडे एकदाही चालले नाहीत ते मोजायचं. कंपनी १९७५ सालची. अशा रीतीला न चाललेला कोडच सर्वांत आधी खुपतो. बेनेटनच्या कोडमध्ये नेमकं असंच काही होतं. ती तपासणी हेनेलने स्वतः केली की त्याच्या माणसांनी, याने मला फरक पडत नाही. शर्यतीचा घोळ निस्तरायला मेकॅनिक नव्हे, कोडातली अडगळ शोधणारे लोक लागले, हे महत्त्वाचं.

एफआयएने जुलैअखेर काढलेलं निवेदन इतकं कोरडं आहे की ते दोनदा वाचावं लागतं. बेनेटनच्या गाडीत लाँच कंट्रोलचा कोड आहे, हे बेनेटनने मान्य केलं. सोर्स कोड पुन्हा कंपाइल केल्याशिवाय तो चालू होत नाही, असंही सांगितलं. एलडीआरएने दाखवून दिलं की हे खरं नाही. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटला लॅपटॉप जोडला की पडद्यावर दहा पर्यायांची यादी येते. यादी दहावर संपते. पण कर्सर तसाच खाली नेत राहिलं तर पडद्यावर न दिसणारा तेरावा पर्याय हाती लागतो आणि तो निवडला की लाँच कंट्रोल तयार. त्यानंतर चालकाने पॅडल, क्लच आणि ॲक्सिलरेटर ठरावीक क्रमाने वापरले, की सुटण्याचं काम गाडी स्वतः करते. इंजिनाच्या डब्यात नव्हे, गिअरबॉक्सच्या! वायरिंगचा नकाशा बघणाऱ्याने कुठे नजर ठेवायची?

वापरत नव्हतात तर कोड ठेवला कशाला? बेनेटनच्या मते, जुना कोड उपटून काढला तर दुसरंच काही बिघडण्याची भीती. हे मला शंभर टक्के पटतं. चालू सॉफ्टवेअरमधली मेलेली फांदी छाटायला कुठलाही शहाणा माणूस धजत नाही. मग यादीतून लपवला कशाला? चुकून चालू होऊ नये म्हणून. हे मात्र मला पटत नाही. चुकून होऊ नये म्हणून माणूस कुलूप लावतो, दारच रंगवून भिंतीसारखं करत नाही. लपवण्याच्या या प्रयत्नाचं समाधानकारक स्पष्टीकरण मिळालं नाही, असं एफआयएच्या निवेदनातही म्हटलं आहे. तरी निष्कर्ष असा होता की उपलब्ध पुराव्यानुसार इमोलाला ही सोय वापरली गेली नाही. वापरली नाही, हे मी मानायला तयार आहे. पण हा इमोलापुरता निष्कर्ष आहे, हंगामाचा नव्हे. मॅक्लारेनच्या कोडमध्ये आपोआप गिअर चढवणारा भाग सापडला होता, त्याबद्दल शिक्षा झाली नाही.

सेनाला ज्याचा संशय होता ते ट्रॅक्शन कंट्रोल मात्र कधीच सिद्ध झालं नाही, आणि हे स्वच्छ सांगायला हवं, कारण आजही गप्पांत लाँच कंट्रोल आणि ट्रॅक्शन कंट्रोल यांची सर्रास खिचडी केली जाते. त्या वर्षी शूमाकर एका गुणाने विश्वविजेता झाला, ९२ विरुद्ध ९१. बाकीचं भांडण ज्याच्या त्याच्या आवडत्या चालकावर ठरतं.

पुढची सहा-सात वर्षं संशयातच गेली. अखेर एफआयएने हात टेकले आणि २९ एप्रिल २००१ ला बार्सिलोनापासून ट्रॅक्शन कंट्रोल पुन्हा खुलं केलं. कारण एवढंच की बंदी पाळली जाते का, हे तपासता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी मॅक्लारेनचा डेव्हिड कूल्टहार्ड फॉर्मेशन लॅपला जागीच बंद पडला, आणि संघप्रमुख रॉन डेनिसने खापर चालकाच्या डोक्यावर फोडल्याने तो भडकला.

२००८ मध्ये तोडगा निघाला तो तपासणीचा नव्हताच. सगळ्या संघांनी एकच ईसीयू वापरायचा, त्यात ट्रॅक्शन कंट्रोल नसेल. तो ईसीयू पुरवायचं कंत्राट मायक्रोसॉफ्टच्या जोडीने मिळालं मॅक्लारेनच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला, म्हणजे ज्या घराण्याने १९९४ मध्ये आपला कोड दाखवायला नकार दिला होता, त्यालाच! २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींनी कार्ब्युरेटर सोडून फ्युएल इंजेक्शन आणलं, तेव्हाही डबा मॅक्लारेनचाच घेतला.

हे झालं श्रीमंतांच्या खेळाचं. आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ला ज्या गाड्या येतात, त्यांतल्या बऱ्याच रिमॅप केलेल्या, म्हणजे ईसीयूतली कोष्टकं बदललेल्या असतात. ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’ हे शब्द कॉलेजच्या पोरांच्याही तोंडी आहेत. कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण आरटीओच्या निरीक्षकाला बॉनेट उघडून रंग दिसतो, टायर दिसतात, इंजिनाचा नंबर दिसतो. कोष्टक दिसत नाही.

ते बघायची गरज पडते कंपन्यांना, वॉरंटीच्या वादात. रिमॅप करणाऱ्यांत फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांचं तर मोठंच प्रस्थ आहे. गाडी सर्व्हिस सेंटरला निदानयंत्राशी जोडली की ईसीयूतल्या सॉफ्टवेअरची बेरीज, म्हणजे चेकसम, कंपनीकडच्या मूळ बेरजेशी ताडता येते. जुळली नाही तर त्या चॅसी नंबरावर ‘टीडी१’ असा शिक्का पडतो आणि इंजिनाची वॉरंटी धोक्यात येते. म्हणून हौशी मंडळी सर्व्हिसिंगआधी मूळ फाइल परत भरून जातात. पण ईसीयूत किती वेळा सॉफ्टवेअर भरलं गेलं, याचा एक गणकही असतो आणि तो फाइलबरोबर मागे जात नाही. मग ईसीयू गाडीतून काढून, टेबलावर उघडून, तो गणकही मागे फिरवून देणारे ट्यूनर मिळतात. त्याचे पैसे वेगळे पडतात.