पडवीची काच फुटली तर

पूर्वी आपल्याकडे पडवीला लाकडी गज असायचे, फुटण्यासारखं काही नव्हतंच. आता तारकर्ली-देवबागच्या बाजूला पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या जातात, आणि समुद्र दिसावा म्हणून पुढे काचेचा सरकता दरवाजा येतो. दिसायला छान. फुटला की काय करायचं, ते मात्र बसवणारा सांगत नाही.

आमच्या गटातल्या एकीच्या घरी चतुर्थीच्या दहा दिवस आधी हेच झालं. खळ्यातलं गवत मशीनने कापणं चाललं होतं. पात्याखालून चिऱ्याची एक कपची उडाली आणि पाच फुटांच्या काचेवर बसली. क्षणभर काहीच नाही. मग कडकड आवाज झाला, सगळी काच पांढरी पडली आणि साबुदाण्यासारखी खाली ओतली गेली. मुंबईची माणसं येणार, गणपती बसणार, आणि पडवी उघडी!

तिचा छोटा नातू अनवाणी धावत येत होता. तिने आधी त्याला उचललं, ते बरं केलं. आधी मुलं, कुत्रा, कोंबड्या दूर करायच्या आणि पायात चपला घालायच्या. झाडू हातात घेण्यापूर्वी मोबाईलवर चार फोटो काढायचे. घराचा विमा असेल तर ते लागतात. वादळात फुटली असेल तर तलाठी पंचनाम्याला येतात, तेव्हाही लागतात.

मग मोठे तुकडे जाड हातमोजे किंवा गोणपाट घेऊन उचला. जुन्या केरसुणीने झाडा आणि ती केरसुणी टाकून द्या, तिच्या हिरांत काच अडकून राहते. बारीक कण ओल्या फडक्याने किंवा मळलेल्या कणकेच्या गोळ्याने टिपा. तो गोळा मात्र पुरून टाका, कोंबड्यांच्या पुढे जाता कामा नये. सारवलेली जमीन असेल तर कण शेणात रुततात, म्हणून वरचा थर खरवडून पुन्हा सारवा. रात्री दिवे घालवून विजेरी जमिनीलगत आडवी धरा, राहिलेला कण न् कण चमकतो. गोळा केलेली काच जाड खोक्यात बांधून वर ‘काच’ असं लिहा. माडाच्या मुळात नको आणि किनाऱ्यावर तर मुळीच नको. रापण ओढणारी माणसं तिथे अनवाणी असतात.

आता काच साबुदाण्यासारखी का झाली? ही टफन्ड काच. कारखान्यात ती सहाशे अंशांच्या वर तापवून जोराच्या वाऱ्याने झटकन थंड करतात. वरचा थर आवळला जातो, आतला भाग ताणलेला राहतो. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. पण एकदा तो थर भेदला गेला की सगळा ताण एकदम सुटतो आणि तिचे बोथट दाणे होतात. गाडीच्या बाजूची काच अशीच असते. साध्या काचेचे मात्र कोयत्यासारखे लांब सुळे पडतात.

म्हणून सणासाठी घाई आहे, साधी काच उद्या लावून देतो, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आमच्या मैत्रिणीलाही तसं सांगण्यात आलं होतं. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही की भोकही पाडता येत नाही, म्हणून माप देऊन मागवावी लागते आणि दिवस जातात. माप फोनवर सांगू नका, कारागिराला घरी येऊन घेऊ द्या. काच आली की कोपऱ्यातला छाप बघा. तोवर चौकटीला प्लायवूड ठोकून त्यावर मेणकापड लावा.

पैशाचं म्हणाल तर, गवत कापणाऱ्या पोराकडून तिने घेतले नाहीत. आम्हाला ते पटलं, काहीजणींना नाही. पुढच्या वेळी मशीन चालू करण्याआधी काचेसमोर जुनी चटई टांगायची, एवढं मात्र सगळ्यांनी मान्य केलं.

वादळाचं वेगळं आहे. १६ मे २०२१ ला तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा किती छपरं उडाली, ते आपण पाहिलंय. काच फुटून वारा घरात शिरला की तो आतून छपराला वर ढकलतो. काचेवर चिकटपट्टीची फुली मारून काच वाचत नाही. बाहेरून प्लायवूड लावावं, त्यासाठी फळ्या आधीच मापाने कापून माळ्यावर ठेवाव्यात आणि त्यांवर दरवाजाचं नाव लिहावं.

रोजचं काम एकच. खालच्या पट्टीतली वाळू काढा. वाळूने चाकं अडतात, मग आपण दरवाजा हिसडतो, आणि टफन्ड काचेची कड हीच तिची नाजूक जागा. पट्टीला पाणी जायला बारीक भोकं असतात, तीही मोकळी ठेवा. नजरेच्या उंचीवर रंगीत पट्टी चिकटवा. पाहुणे काच न दिसून थेट आदळतात, हे आमच्याकडे दोनदा झालंय.

मैत्रिणीची काच आठव्या दिवशी आली. दुपारी बसवली, संध्याकाळी तिने पडवी सारवून घेतली.