गाडी थांबली, एंजिन तापतच राहिले

शेवटची पोळी तव्यावर असतानाच गॅस बंद करण्याची काटकसर तुमच्या घरी कोणी ना कोणी करीत असेल. ज्योत विझली तरी ती पोळी व्यवस्थित भाजून निघते. विसरून तशीच राहिली तर करपतेही. ज्योत नाही, मग पोळी कशाने करपली? तव्याच्या जाड लोखंडात आधीच साठलेल्या उष्णतेने. हाच प्रकार मोटारीच्या एंजिनात घडतो, आणि तेथे करपणारी वस्तू पोळीपेक्षा बरीच महाग असते.

जर्मनीतील आयफेलच्या डोंगराळ भागात न्यूर्बुर्गरिंग नावाचा मोटारशर्यतींचा मार्ग आहे. १९२७ साली तो सुरू झाला. त्याचा उत्तरेकडील फेरा सुमारे २०.८ किलोमीटर लांबीचा असून त्यात जवळजवळ ३०० मीटरचा चढउतार आहे. शर्यती नसतात अशा ठराविक दिवशी पैसे भरून कोणीही आपली रोजच्या वापरातली मोटार तेथे चालवू शकतो. फेऱ्याच्या शेवटच्या भागात दोन किलोमीटरांहून लांब असा सरळ रस्ता लागतो. नवशिक्याला वाटते, आता वळणे संपली, दाबा प्रवेगक! तो गाडी भरधाव नेतो, बाहेर पडून वाहनतळावर उभी करतो आणि किल्ली फिरवून एंजिन बंद करतो. जाणता चालक मात्र अखेरचे काही किलोमीटर रमतगमत येतो. पाहणाऱ्याला तो भित्रा वाटेल. वस्तुतः तो उष्णतेचा हिशेब चुकता करीत असतो. तो हिशेब आपणही मांडून पाहू.

पेट्रोल जळून जी ऊर्जा मिळते, तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. दुसरा तृतीयांश धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला एंजिनाच्या धातूत शिरतो. तो थंड करणाऱ्या पाण्याला आणि वंगणाच्या तेलाला बाहेर वाहून न्यावा लागतो. समजा, एंजिन १०० किलोवॅट शक्ती देत आहे. म्हणजे जवळजवळ तेवढीच, १०० किलोवॅट, उष्णता पाण्यात उतरत आहे. आपण बादलीत टाकतो ती पाणी तापविण्याची विजेची कांडी साधारण १ किलोवॅटची असते. अशा शंभर कांड्या जेमतेम पाचसहा लिटर पाण्यात घातल्या आहेत अशी कल्पना करा! हे पाणी सतत पंपाने फिरत राहते आणि रेडिएटरमधून जाताना वाऱ्याला उष्णता देत राहते, म्हणून निभावते. सिलिंडरमध्ये ज्वालेचे तापमान २,०००° से.च्या वर जाते, तर शुद्ध ॲल्युमिनियम ६६०° से.ला वितळते. तरीही ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड शाबूत राहते, याचे सारे श्रेय या वाहत्या पाण्याला.

आता भरधाव फेरीनंतर किल्ली फिरवा. पेट्रोलचे जळणे त्या क्षणी थांबले, हे खरे. पण एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंपही थांबला, तेलाचा पंपही थांबला, आणि गाडी उभी असल्याने वाराही थांबला. मागे राहिला तो तापलेला धातू. धूर बाहेर सोडणारी झडप ७००° से.च्या आसपास आहे, धुराच्या नळ्या तितक्याच तापल्या आहेत, आणि शेजारचे पाणी १००° से.च्या आगेमागे. उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाणार, हा नियम किल्लीला विचारून चालत नाही. तप्त भाग निवू लागतात आणि त्यांची उष्णता पाण्यात, तेलात, रबरी नळ्यांत हळूहळू मुरते. गाडी बंद केल्यानंतर तापमानाचा काटा वर चढताना दिसतो तो यामुळे. नवी उष्णता कोठूनही आलेली नसते. जी होती तिचीच वाटणी नव्याने होत असते. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात कितीही घोकून घेतले तरी विद्यार्थी विसरतात. हा काटा ते चांगले शिकवतो.

आकडे घेऊन पाहू. समजा, ५ किलोग्रॅम लोखंड ७००° से.वरून १००° से.पर्यंत निवले. लोखंडाची विशिष्ट उष्णता सुमारे ०.५ किलोजूल प्रतिकिलोग्रॅम प्रतिअंश धरली, तर बाहेर पडणारी उष्णता ५ × ०.५ × ६०० = १,५०० किलोजूल. ती सगळी १००° से.च्या पाण्यात गेली, तर १,५०० ÷ २,२६० म्हणजे सुमारे दोन तृतीयांश लिटरची वाफ होईल. प्रत्यक्षात यातला बराच भाग हवेत जातो, म्हणून इतकी वाफ होत नाही. पण सारे पाणी उकळण्याची गरजच नसते. उभ्या पाण्यात तप्त भिंतीलगत वाफेचे बुडबुडे धरले तरी पुरे. वाफ ही पाण्याच्या मानाने पंचविसाव्या हिश्शाइतकीही उष्णतावाहक नाही. त्यामुळे जेथे बुडबुडा चिकटला तेथे धातूवर जणू गोधडी पांघरली गेली. एक भाग निवतो, शेजारचा निवत नाही, प्रसरण कमीजास्त होते आणि असे वारंवार घडले तर हेड वाकडे होऊन खालचे गॅस्केट निकामी होते.

टर्बो बसविलेल्या गाड्यांत याहून नाजूक जागा असते. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो आणि १९७५ मध्ये पोर्शेची ९११ टर्बो विक्रीस आली, तेव्हापासून रस्त्यावरच्या मोटारींत ही युक्ती पसरत गेली. बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोताने एक छोटे चक्र फिरते आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र एंजिनात जास्त हवा कोंबते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. तो धातूवर टेकलेला नसून तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. एका बाजूचे चक्र धुराने लालबुंद झालेले, आणि हातभर अंतरही नाही अशा ठिकाणी हे तेल! तेल वाहते आहे तोवर ठीक. एंजिन एकदम बंद केले की तेथे अडकलेले तेल जागच्या जागी भाजले जाते. कढईच्या काठाला जळून चिकटलेले तेल तुम्ही पाहिलेच असेल, घासून घासून आईचे हात दुखतात. तसाच काळा कडक थर टर्बोच्या बेअरिंगात आणि तेलाच्या बारीक नळीत बसतो.

मग एंजिन बंद न करता उभ्या गाडीत चालू ठेवले तर? बंद करण्यापेक्षा ते निश्चित बरे, कारण पाणी व तेल फिरते राहते. पण हळू चालविणे त्याहून सरस. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग. म्हणून हवेशी झुंजण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला की ही शक्ती एक अष्टमांश होते. टायरांचे घर्षण मिळवले तर एकूण घट याहून थोडी कमी, पण तरी मोठीच. रेडिएटरवरचा वारा मात्र साधारण निम्माच होतो. मिळकत एकदम घसरली, खर्च मात्र निम्मा चालू राहिला. अशा व्यवहारात शिल्लक लवकर संपणार, आणि उष्णतेच्या बाबतीत आपल्याला तेच हवे असते. वरचा गिअर टाकून कमी फेऱ्यांवर एंजिन चालविले, म्हणजे अंतर्गत घर्षणही घटते. एवढे लक्षात ठेवा, की पाण्याचा काटा लवकर जाग्यावर येतो, पण तेल मागाहून निवते. काट्यावर विसंबून घाई करणारा फसतो.

ब्रेकचे गणितही तुम्हांला करता येईल. १,२०० किलोग्रॅमची गाडी ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा १५ लाख जूल. वळणापूर्वी वेग सेकंदाला २० मीटर केला, तर उरते २ लाख ४० हजार जूल. मधले १२ लाख ६० हजार जूल काही सेकंदांत ब्रेकच्या चकत्यांत गेले, आणि हे प्रत्येक मोठ्या वळणावर! चकत्यांना निववायला वाराच लागतो, एंजिन नुसते चालू ठेवून त्यांना काही लाभ नाही. थांबल्यावर त्यांची उष्णता ब्रेक ऑइलमध्ये मुरते. डॉट ४ दर्जाचे नवे ऑइल निदान २३०° से.पर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषलेले ऑइल १५५° से.च्या सुमारासही उकळू शकते. वाफ दबते, द्रव दबत नाही. पुढच्या वेळी ब्रेकवर पाय दिला की तो रिकामाच खाली जातो. म्हणूनच अशा फेरीनंतर हँडब्रेक ओढत नाहीत, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला उटी लावतात. तप्त चकतीला पॅड घट्ट आवळून ठेवला, तर तेवढाच भाग गरम राहतो.

आपल्याकडे शर्यतीचे मार्ग थोडे, घाट मात्र पुष्कळ. घाटात शक्ती भरपूर लागते आणि वेग कमी असल्याने वारा थोडा, म्हणजे निवण्याच्या दृष्टीने स्थिती अधिकच बिकट. १९९० च्या सुमारास, मी शाळेत असताना, बोरघाट चढून आल्यावर आमच्या टॅक्सीतून वाफा निघू लागल्या. चालकाने फडके गुंडाळून रेडिएटरचे झाकण फिरवले मात्र, उकळत्या पाण्याचा फवारा उडाला आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. त्याचे कारण मला पुढे कॉलेजात उमगले. हे झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखे दाब धरून ठेवते. दुप्पट वातावरणीय दाबाखाली पाणी १२०° से.ला उकळते. झाकण उघडताच दाब गेला, आणि १२०° से.चे पाणी १००° से.वर येताना दर किलोग्रॅममागे ८४ किलोजूल मोकळे करते. तेवढ्या उष्णतेने ३७ ग्रॅम पाण्याची वाफ होते. पाच लिटरांत सुमारे १८५ ग्रॅम, आणि त्या वाफेचे आकारमान ३०० लिटरांवर! दीड ड्रम वाफ क्षणात त्या लहानशा तोंडातून बाहेर पडायला धडपडते व पाणी आपल्याबरोबर उडवते. एंजिन पूर्ण निवेपर्यंत त्या झाकणाला हात लावू नका, फडके घेऊनही नाही.

बाजारात जाऊन आलेली गाडी दारात दोन मिनिटे चालू ठेवणारेही मी पाहिले आहेत. त्यात पेट्रोलच वाया जाते. गल्लीतून हळू येतानाच एंजिन निवलेले असते.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. अर्धा किलोचे लोखंडी वजन उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा, चिमट्याने काढून २०० मिलिलिटर साध्या पाण्यात सोडा. पाणी न ढवळता वजनाजवळचे आणि दूरचे तापमान मोजा, मग ढवळून मोजा. पाणी आधी ३०° से.ला असेल, तर शेवटी ४५° से.च्या जवळपास यायला हवे. न ढवळलेले पाणी म्हणजे पंप थांबलेले एंजिन.

फोर्डच्या टी मॉडेलच्या बहुतेक गाड्यांत तर पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढे, थंड पाणी खालून येई, आणि एंजिन बंद केल्यावरही हे अभिसरण काही वेळ चालू राही. आजच्या कित्येक टर्बो गाड्यांत याच तत्त्वाने बेअरिंगाभोवती पाणी फिरते, काहींत विजेचा छोटा पंपही असतो. मालक किल्ली खिशात टाकून निघून गेला आहे आणि उभ्या गाडीच्या बॉनेटखाली पंखा आपोआप घरघरू लागला आहे, असे कधी आढळले तर जरा थांबून ऐका. थोड्या वेळाने तो आपोआप थांबेल. किती वेळाने, ते घड्याळ लावून पाहा.