खाडीतला चिखल आणि गावचा ओढा



आमच्या अंबाजोगाईपासून समुद्र फार दूर. खाडी आणि खारफुटी आपल्या मुलांना पुस्तकातल्या चित्रातच भेटते. परंतु ओढ्यात कारखान्याचे मळीमिश्रित पाणी उतरले आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसले, हा अनुभव आपल्याकडील पुष्कळ खेड्यांना आहे. लहानपणी मीही तो पाहिला. कोणाला कळवायचं, याचाच खल त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पारावर चालला होता. काळे पाणी मात्र कोणासाठी थांबले नाही.

अशी बिघडलेली पाणथळ जागा पुन्हा स्वच्छ कशी करतात, हे समजून घेण्यासाठी आपण मुंबईला जाऊ. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एम.एस.सी. चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा एका कुशीवर कलली. तिच्यावरील शेकडो पेट्या समुद्रात पडल्या. काहींत कीटकनाशके होती. सुमारे ८०० टन तेल पाण्यात सांडले आणि तवंग किनाऱ्यावरच्या खारफुटीत शिरला. लोकांनी मासे घेणे सोडले. कोळी बांधवांचा धंदा बसला.

आता काम कोणी केले पाहा. तटरक्षक दलाने नौकांतून व हेलिकॉप्टरमधून तवंग फोडणारे द्रव्य फवारले. बंदराने वाहतूक रोखली. हॉलंडच्या ‘स्मिट’ कंपनीला जहाज सावरण्यासाठी बोलावले. प्रदूषण किती झाले याचा अभ्यास नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने केला. एकट्याने हे कोणालाच जमले नसते.

परंतु माणसे पुष्कळ असली म्हणजे काम नीट होतेच असे नाही. खारफुटीची कित्येक मुळे चिखलातून वर डोके काढतात आणि हवेतून श्वास घेतात. तेलाचा लेप बसला की ती गुदमरतात. म्हणून शंभर माणसे फावडी घेऊन चिखलात उतरवावीत काय? मुळीच नाही. स्वयंपाकघरात सांडलेले तेल फडक्याने टिपावे लागते. त्यात पाय देत फिरलो तर ते घरभर होते. चिखलातही तसेच. पायांनी तेल खोल दाबले जाते, मुळे मोडतात, आणि खाली प्राणवायू नसल्याने ते तेल वर्षानुवर्षे कुजत नाही. म्हणून तवंग बाहेरच अडवावा, कडेचे सुटे तेल हलक्या हाताने उचलावे, आणि उरलेले भरती-ओहोटीवर व सूक्ष्म जीवांवर सोपवावे. कुठे हात लावू नये, हे जाणणारा माणूसही म्हणूनच त्या तुकडीत लागतो.

दुसरा धडा जपानमधील मिनामाता गावाचा. तेथे कारखान्याचा पारा खाडीत जाई. माशांवाटे तो माणसांच्या शरीरात गेला. कोळ्यांची मांजरे झटके येऊन पडू लागली, हे प्रथम कोळ्यांच्याच घरी दिसले. १९५६ साली माणसांतील रोगाची अधिकृत नोंद झाली. तरी पाऱ्याचे सांडपाणी थांबले १९६८ साली! खाडीतील सुमारे १५ लाख घनमीटर गाळाची विल्हेवाट लावण्याचे काम १९७७ ते १९९० पर्यंत चालले. खाडीतले मासे निर्धोक असल्याचे १९९७ साली जाहीर झाले. रोगाच्या नोंदीपासून एक्केचाळीस वर्षे! नळ उघडाच ठेवून कोणी फरशी पुसत बसत नाही. आधी घाणीचे मूळ बंद, मग सफाई.

हे ऐकून कोणी म्हणेल, “गुरुजी, आमच्याकडं कुठं आलंय बंदर?” बंदर नाही, पण ओढा आहे, तलाव आहे, विहीर आहे, आणि कारखाने आता आपल्याही शिवारात आले आहेत. शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत एक वही ठेवा. आठवड्यातून एकदा मुलांनी ओढ्याच्या पाण्याचा रंग, वास आणि तारीख लिहावी. पाणी बदललेले दिसताच मुलांना व जनावरांना दूर ठेवा, मोठ्या माणसाने काठावरून स्वच्छ बाटलीत नमुना घ्यावा, आणि ग्रामपंचायतीला व प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी लेखी कळवा. गाळ उपसण्याची घाई मात्र जाणकाराला विचारल्यावाचून करू नका.

गुराखी, शेतकरी, शिक्षक, ग्रामसेवक आणि तज्ज्ञ यांनी आपापली कामे आधीच वाटून घेतली, तर पारावरचा तो दिवसभराचा खल वाचेल. तेवढ्या वेळात विहिरीही वाचवता येतील.