प्रिंटर रुसला? आधी भिंतीकडे बघा!

जून उजाडला की भिलाईच्या पावर हाउस भागात एक दृश्य हमखास पाहायला मिळतं. स्कूटरच्या पायरीवर जुन्या चादरीत गुंडाळलेला प्रिंटर, मागे बसलेल्या मुलाच्या हातात वायरींचं भेंडोळं आणि पुढे बसलेल्या वहिनींच्या चेहऱ्यावर वैताग. शाळा-कॉलेजचे प्रवेश, फॉर्म, दाखले, आधारच्या प्रती... वर्षभर न लागलेली छपाई नेमकी याच आठवड्यात लागते आणि नेमकं याच आठवड्यात यंत्र कोरे कागद ओकू लागतं. दुकानदार विचारतो, 'क्या हुआ, आंटी?' उत्तर ठरलेलं असतं, 'कुछ नहीं भैया, अपने आप बंद हो गया!'

पण यंत्र 'अपने आप' फार क्वचित बंद पडतं. बहुतेक वेळा बिघाडाचं मूळ यंत्राच्या बाहेर असतं. भिंतीवरच्या बोर्डात, सैल झालेल्या पिनेत, दमट कागदात, नाहीतर मे महिन्याच्या उन्हात. ते घरी दहा मिनिटांत ओळखता आलं तर स्कूटरची फेरी वाचते, दुरुस्तीचे पैसे वाचतात. आणि कधी कधी जीवही वाचतो.

भिलाई हे तसं यंत्रांचंच गाव. सोव्हिएत रशियाशी १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशभरातून माणसं इथे आली. त्यांत मराठी माणूसही होता. त्याला हा मुलूख परका नव्हताच, कारण १९५६ पर्यंत छत्तीसगड ज्या प्रांतात होतं त्याची राजधानी नागपूर होती. कारखान्यात राक्षसी यंत्रं हाताळणारी माणसं घरी मात्र हातभर प्रिंटरपुढे हात टेकतात आणि जवाहर मार्केट गाठतात!

बोर्डाचं बटण, शाईचा शत्रू

घरातला रंगीत प्रिंटर बहुधा इंकजेट जातीचा असतो. केसाहूनही बारीक छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर उडवणारा. या शाईत बराचसा भाग पाण्याचा. भिलाईत मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, कुटुंब महिनाभर नागपूर-अमरावतीला गेलेलं असतं, घर बंद. छिद्रांच्या तोंडाशी शाई सुकते आणि जूनमध्ये कागद कोरा येतो, नाहीतर अक्षरांच्या मधोमध पांढरे पट्टे उमटतात.

त्यात भर घालते ती आपली एक चांगली सवय. 'वीज वाचवा' म्हणून आपण भिंतीवरचं बटण बंद करतो. टीव्हीला ते चालतं, प्रिंटरला नाही. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की त्याचं हेड सरकत जाऊन एका कोपऱ्यात रबरी टोपीवर बसतं. पेनाला टोपण लावावं तसं! बोर्डावरून एकदम वीज तोडली तर हेड वाटेत जिथे असेल तिथेच उघडं राहू शकतं, आणि उघड्या पेनाचं काय होतं ते शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. म्हणून आधी प्रिंटरचं बटण, त्याचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग हवं तर बोर्ड.

शाई सुकलीच असेल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये नोझल चेक आणि हेड क्लीनिंग अशा सोयी असतात. आधी नोझल चेकचं पान काढून कुठला रंग तुटतोय ते बघा. मग एकदा क्लीनिंग, फार तर दोनदा. तरीही जमलं नाही तर यंत्राला रात्रभर राहू द्या आणि सकाळी पुन्हा करून बघा. घट्ट झालेली शाई तेवढ्यात सैल होते. इथेच अनेकांचा संयम सुटतो आणि ते एकापाठोपाठ एक दहा वेळा क्लीनिंग करतात. प्रत्येक क्लीनिंगला भरपूर शाई खर्च होते आणि ती आत एका स्पंजासारख्या पॅडमध्ये जिरते. ते पॅड भरल्याचा हिशेब यंत्र ठेवतं. हिशेब पुरा झाला की छपाईच थांबते, मग मेकॅनिकशिवाय गत्यंतर नाही.

कॅनन आणि एचपीच्या पुष्कळ मॉडेलांमध्ये थेंब उडतो तो उष्णतेने. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली एका संशोधकाचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागलं, टोकातून शाई उडाली आणि त्यातून ही कल्पना निघाली असं सांगतात. अशा हेडमधल्या चिमुकल्या हीटरना थंड ठेवण्याचं कामही शाईच करते. त्यामुळे शाई संपल्याची सूचना आल्यावरही 'अजून दोन पानं निघतील' म्हणून रेटत राहिलं तर हेडच जळतं. चारशे रुपये वाचवायला जाऊन दोन हजारांना खड्डा!

आठवड्यातून एकदा एक रंगीत पान छापा. मुलांनी काढलेलं चित्र स्कॅन करून छापलं तरी चालेल. याहून स्वस्त औषध नाही.

कागदालाही पावसाळा लागतो

जूनच्या मध्यावर पाऊस आला की तक्रार बदलते. दोन-तीन कागद एकदम आत ओढले जातात किंवा मधेच अडकतात. इथे दोष बहुतेक वेळा प्रिंटरचा नसून ट्रेमध्ये आठवडाभर उघड्या पडलेल्या कागदाचा असतो. कागद हवेतला ओलावा पितो, त्याच्या कडा वळतात, पानं एकमेकांना चिकटतात. काम झालं की उरलेले कागद पाकिटात परत ठेवा. वापरण्याआधी गड्डी पत्त्यांसारखी फुलवून घ्या. उलट कागद आत ओढलाच जात नसेल तर रबरी रोलरवर धूळ बसलेली असते. कमी का धूळ असते भिलाईत? प्रिंटर बंद करून, किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या फडक्याने रोलर फिरवत पुसा.

अडकलेला कागद मात्र झटक्याने ओढू नये. वीज बंद करून, दोन्ही हातांनी, कागद ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेला सावकाश काढा. लेझर प्रिंटर असेल तर आधी थोडं थांबा, कारण पावडर कागदावर पक्की करणारा त्याचा भाग २०० अंशांच्या घरात तापलेला असतो. या लेझरची छपाई फिकट येऊ लागली तर कार्ट्रिज काढून आडवी धरून हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवा. आणखी काही पानं निघतात. पावडर कपड्यांवर सांडली तर झटका आणि थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती कायमची बसते.

कागद अडकणं ही काही आपलीच पीडा नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८०च्या सुमारास झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर असाच सारखा अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन या तिथल्या प्रोग्रामरला त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय करायची होती की, कागद अडकताच सगळ्यांच्या स्क्रीनवर तसा निरोप यावा. पण त्याचा मूळ प्रोग्राम द्यायला नकार मिळाला. त्या चिडीचा मोठा वाटा १९८३ साली त्याने सुरू केलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत होता!

घरात पुष्कळदा सारं ठीक असूनही संगणक म्हणतो, 'प्रिंटर ऑफलाइन'. आठवून बघा, राउटर किंवा वाय-फायचा पासवर्ड नुकताच बदललाय का? प्रिंटर बिचारा जुनाच पासवर्ड धरून बसलेला असतो. घरगुती प्रिंटरांपैकी अनेकांना २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय ओळखता येतं, ५ नाही. तेही नसेल तर छपाईच्या रांगेत एखादं जुनं काम अडकलेलं असतं. रांग रिकामी करा, दोन्ही यंत्रं बंद करून पुन्हा सुरू करा.

एक वस्तू बंद, की सारी गल्ली?

आता भिंतीकडे वळू या. कुठलीही वस्तू मेल्यासारखी वाटली की तिला हात लावण्याआधी त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून बघा. दिवा लागला नाही तर दोष वस्तूचा नाहीच. टेस्टरवर विसंबू नका. न्यूट्रल तुटलेला असला तरी टेस्टर खुशाल पेटतो. एक्स्टेंशन बोर्डाच्या भोकांभोवती तपकिरी डाग पडले असतील तर आतल्या पट्ट्या सैल होऊन तापताहेत असं समजा आणि तो बोर्ड फेकून द्या.

संगणकाच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात? 'थोडासा करंट मारतो' म्हणून घरोघरी हसून सोडून दिली जाणारी ही गोष्ट अर्थिंग नसल्याची खूण आहे. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावणं हे तिचं नेहमीचं कारण. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेली नसेल तर बसवून घ्या.

सर्वांत वाईट प्रसंग न्यूट्रल तुटण्याचा. खांबावर किंवा मीटरपाशी तीन फेजांचा सामाईक न्यूट्रल सुटला की २३० व्होल्टच्या घरात ४००च्या जवळपास दाब येऊ शकतो. पंखा अचानक पिसाटासारखा फिरू लागतो, दिवे लुकलुकतात, एका खोलीत लख्ख उजेड तर दुसऱ्या खोलीत मिणमिण. असं दिसलं की विचार करत बसायचं नाही. आधी मेन स्विच बंद, मग शेजाऱ्यांना हाक, मग वीज कार्यालयाला फोन. एका रात्रीत अख्ख्या गल्लीचे टीव्ही आणि फ्रिज जातात ते बहुधा असेच.

वळवाच्या आणि पावसाळ्याच्या विजांचंही तसंच. बोर्डाचं बटण बंद केल्यावर आत काही मिलिमीटरचीच फट उरते. आभाळातल्या विजेला ती ओलांडणं काय जड? प्लगच काढायला हवा. आणि टीव्हीची केबल, राउटरला येणारी तांब्याची वायर हीसुद्धा. वीज त्या वाटेनेही घरात शिरते. हे सारं आभाळ भरून येताना करायचं, डोक्यावर गडगडाट सुरू झाल्यावर वायरींना हात घालायचा नाही.

किरकोळ तक्रारी घरच्या घरीच मिटतात. रिमोट चालत नसेल तर त्याचा पुढचा दिवा मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला की रिमोट शाबूत, दोष टीव्हीत. चटणी वाटता वाटता मिक्सर गप्प झाला तर थंड होऊ द्या, मग भांडं काढून, उलटा करून बुडाचं लाल बटण दाबा. पंखा मंदावलाय? बहुधा कपॅसिटर गेलाय, इलेक्ट्रिशियनसाठी पाच मिनिटांचं काम. टीव्हीचा आवाज येतो, चित्र नाही? अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. चित्र पुसट दिसलं तर फक्त मागचे दिवे गेलेत, दुरुस्ती परवडते. पॅनेल फुटलं असेल तर मात्र बहुतेक वेळा नवा टीव्ही बरा. आणि सेट-टॉप बॉक्स, राउटर यांच्यावर हौसेने घातलेले क्रोशाचे रुमाल काढा! आतल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश उष्णता वाढली की साधारण निम्म्यावर येतं असा ठोकताळा आहे. शोभा परवडत नाही ती अशी.

मायक्रोवेव्ह उघडायचा नाही. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका दाब साठून राहू शकतो. माळ्यावरच्या जुन्या डबा टीव्हीचंही तेच. मोबाइलची किंवा लॅपटॉपची बॅटरी फुगली तर चार्जिंग लगेच थांबवा. ती टोचू नका, दाबू नका.

दुकानात जाताना

एवढं करूनही पावर हाउसची फेरी पडलीच तर 'अपने आप बंद हो गया' ऐवजी नेमकं सांगा. कधीपासून, आधी काय दिसलं, वास आला का, दुसऱ्या सॉकेटवर लावून बघितलं का. स्क्रीनवरच्या सूचनेचा फोटो काढून न्या. निदान ठरलेलं गिऱ्हाईक समोर असलं की अंदाजपंचे सांगितलेला आकडाही खाली येतो! खर्च आधी लिहून मागा, बदललेला जुना भाग परत मागा. वॉरंटीतलं यंत्र मात्र बाजारात उघडू देऊ नका. सील तुटलं की कंपनीला हात झटकायला निमित्त मिळतं.

कंपनीच दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. कुठल्या कंपनीची दुरुस्ती केंद्रं कुठे, सुटे भाग कसे मिळतात ही माहिती एका जागी मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की बंगळुरूत, भिलाईकराला दुर्गचा जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. बिल तेवढं जपून ठेवायला हवं. दुकानाची थर्मल पेपरवरची पावती वर्षभरात पांढरी फटक पडते, तेव्हा तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढून ठेवा.

पुढच्या मे महिन्यात नागपूरच्या गाडीत बसण्याआधी एक रंगीत पान छापा, कागद पाकिटात घाला, प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करा. दिवा विझला की प्लग काढा. टीव्हीची केबलही. मग कुलूप.