काटेरी रानातील वाटचाल आणि गेटरची निवड

दिल्ली हे सपाट मैदानावर वसलेले शहर आहे, असा समज बाहेरून येणाऱ्याच्या मनात सहज रुजतो. वस्तुत: अरवली पर्वताची उत्तरेकडील अखेरची शाखा ह्याच शहरात शिरते आणि यमुनेच्या काठाजवळ लुप्त होते. दिल्लीकर तिला ‘रिज’ म्हणतात. शहराच्या दक्षिण सीमेवरील असोला-भट्टी अभयारण्य, त्यापलीकडे फरिदाबाद जिल्ह्यातील मांगर बनी आणि गुरुग्रामच्या बाजूचे डोंगर ही सारी त्याच पर्वताची अंगे होत. ह्या टेकड्यांची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरच्या आसपास भरते. तेव्हा हिमालयात जाऊन आलेला गिर्यारोहक त्यांच्याकडे काहीशा तुच्छतेने पाहतो, आणि साध्या पाटलोणीत व नेहमीच्या बुटांत तेथे शिरतो. दोन तासांनी तो परततो तेव्हा त्याच्या पायमोज्यांत शेकडो कुसळे रुतलेली असतात आणि नडगीवर ओरखड्यांची जाळी उमटलेली असते.

ह्या प्रदेशात पायांना होणारा उपद्रव कशामुळे होतो, हे आधी पाहिले पाहिजे; कारण गेटरची निवड त्यावरच अवलंबून आहे. गेटर म्हणजे बुटाच्या वरच्या भागापासून पोटरीपर्यंतचा पाय झाकणारे मजबूत कापडाचे आवरण. बर्फाळ मुलुखात त्याचे काम बर्फ बुटात शिरू न देणे हे असते. अरवलीत बर्फ नाही. तेथे काटा, कुसळ आणि खडा हे तीन शत्रू आहेत. येथील खडक गारेच्या जातीचा, क्वार्ट्झाइटचा आहे. तो फुटतो तो धारदार कडा ठेवून. जुन्या, आता बंद असलेल्या खाणींच्या उतारांवर ह्याच खडकाचा भरड चुरा पसरलेला असतो आणि पावलागणिक तो बुटात उडतो. त्यावर वाढलेली झाडी बहुतांशी काटेरी आहे. बोराटीच्या जाळ्या मूळच्या. त्यांत गेल्या शतकात लावलेल्या विलायती किकरची भर पडली. महाराष्ट्रात ह्याच झाडाला वेडी बाभूळ म्हणतात. मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेल्या ह्या झाडाने रिजवरील मूळच्या वृक्षांना फार मोठ्या प्रमाणावर हुसकावून लावले आहे. मांगर बनीसारख्या, गावकऱ्यांनी श्रद्धेने राखलेल्या राईतच धौ वृक्षांचे जुने रान अजून नीट पाहावयास मिळते.

कुसळाचे मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कुसळी गवताच्या बीजाला एका टोकाला सुईसारखे अणकुचीदार टोक असते व त्यावर मागे वळलेले बारीक केस असतात. दुसऱ्या टोकाला लांब, पीळ असलेली शेपटी असते. हवेतील ओलावा वाढला की हा पीळ उलगडतो, हवा कोरडी झाली की पुन्हा वळतो. अशा रीतीने बीज स्वत:भोवती फिरत जमिनीत घुसते. गवताने आपल्या पेरणीची केलेली ही व्यवस्था आहे. पण जमिनीऐवजी पायमोजा मिळाला, तर तेच यंत्र मोज्यात चालू होते. मोज्यातील घामाचा ओलावा त्याला पुरेसा असतो, आणि मागे वळलेल्या केसांमुळे बीज आत जाते, बाहेर मात्र येत नाही. पावसाळा सरल्यावर, म्हणजे सप्टेंबरअखेरपासून, हा उपद्रव सर्वांत जास्त असतो. दिल्लीतील भटकंतीचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो! जोडीला आघाड्याची बोंडे व सराट्याचे काटे असतातच.

अशा ठिकाणी कापडाची जात ही पहिली कसोटी होय. सैल विणीचे, खरखरीत कापड कुसळाला आयते घर देते. घट्ट विणीचा, गुळगुळीत पृष्ठाचा जाड नायलॉन किंवा दाट सुती कॅनव्हास हेच येथे उपयोगी. कापडावर नख ओढून पाहावे. नख अडकले तर कुसळही अडकेल. आतून संपूर्ण जलरोधक लेप दिलेले कापड हिमालयासाठी ठीक, परंतु दिल्लीच्या उन्हात त्याच्या आत घामाचे डबके साचते. एप्रिल ते जून ह्या काळात तर असे गेटर घालणे म्हणजे पायांना शिक्षाच. वरच्या भागात हवा खेळू देणारे व घोट्याजवळ जाड असे दुहेरी कापडाचे गेटर मिळाल्यास तेच घ्यावे. मिटणीचाही विचार करावा. चिकटपट्टीची, म्हणजे वेल्क्रोची, मिटणी घालण्यास सोपी असते. पण तिच्या आकड्यांत गवत व बी भरले की तिची पकड सुटते. त्यासाठी तिच्यावर झाकणारी कापडी पट्टी असणे आवश्यक आहे. नुसत्या चेनच्या मिटणीत खाणीची धूळ बसून ती अडते.

कापड कितीही चांगले असले तरी गेटर पायाला बरोबर बसला नाही, तर तो व्यर्थ ठरतो. त्याची बैठक तीन ठिकाणी तपासावयाची असते : वरची कड, घोट्याचा भाग आणि तळव्याखालून जाणारा पट्टा.

वरची कड गुडघ्याच्या वाटीखाली निदान तीन बोटे अंतरावर यावी. ह्याला शरीररचनेचे कारण आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो. पायाच्या बारीक हाडाचे ते डोके होय. त्याच्या खालच्या मानेला वळसा घालून पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची मज्जातंतू जाते. तेथे ती जवळजवळ कातडीखालीच असते. ह्या जागी पट्टा करकचून आवळला आणि तसाच तासन् तास चालत राहिले, तर पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात. दाब फार काळ टिकल्यास पाऊल वर उचलेनासे होते. उतरणीवर असे झाले तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून वरचा पट्टा ह्या उंचवट्याच्या बराच खाली, पोटरीच्या फुगीर भागाच्या किंचित वर बसावा. पोटरीचा घेर तिच्या सर्वांत जाड भागाशी, ज्या पाटलोणीवर गेटर चढवावयाचा तीच घालून, मापावा. दोन्ही पोटऱ्यांचे माप बहुधा थोडे वेगळे निघते. मोठे माप धरावे. शक्यतो संध्याकाळी मापावे, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाय किंचित सुजतात. पट्टा लावल्यावर दोन बोटे आत सहज गेली पाहिजेत. तीन जात असतील तर चालताना गेटर घसरून घोट्याशी गोळा होणार.

घट्टपणाचा धोका नवा नाही. गेटरचा आपल्याकडील पूर्वज म्हणजे पोटरीला गुंडाळावयाची लांब लोकरी पट्टी. हिमालयातील डोंगरी लोक ती वापरीत. हिंदुस्थानातील इंग्रजी सैन्याने ती उचलली आणि ‘पट्टी’ हा शब्दच ‘पुट्टी’ असा होऊन इंग्रजीत गेला. १९०२ साली ब्रिटिश सैन्याच्या नव्या गणवेशात तिला सर्वत्र स्थान मिळाले. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकांतील चिखलपाण्यात सैनिकांची पावले सडू लागली, तेव्हा थंडी व ओल ह्यांबरोबरच घट्ट आवळलेल्या पट्ट्याही दोषी ठरल्या आणि त्या सैल ठेवण्याची ताकीद द्यावी लागली. तरीही १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेल्या मॅलरीच्या पायांवर पट्ट्याच होत्या. पट्टीचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे : ती कोणत्याही पोटरीला बसते. आजचा गेटर ठरावीक मापांत येतो, आणि ती मापे पुष्कळदा परदेशी पायांवरून ठरलेली असतात. सडपातळ पोटरीच्या माणसाला दुकानातील ‘मध्यम’ माप ढगळ होते, ते ह्यामुळेच.

घोट्याशी गेटरची खालची कड बुटाला सर्व बाजूंनी चिकटून राहिली पाहिजे. पुढचा आकडा नाडीच्या सर्वांत खालच्या वेटोळ्यात अडकवावा. बूट आखूड गळ्याचा असेल तर मोठ्या गेटरची कड मागून वर सरकते व टाचेशी फट पडते. कुसळांना तेवढी वाट पुरते. तळपट्टा टाचेच्या पुढे, तळव्याच्या कमानीखाली बसावा. ज्या बुटाच्या तळाला तेथे खोबण नाही, त्याच्यावर पट्टा थेट खडकाशी घासतो आणि अरवलीचा खडक त्याला थोड्याच फेऱ्यांत कापून टाकतो. तळपट्टा बदलता येण्याजोगा आहे की शिवूनच टाकलेला आहे, हे विकत घेण्यापूर्वी अवश्य पाहावे. डावा व उजवा गेटर वेगळा ओळखावा. बकले नेहमी पायाच्या बाहेरच्या अंगाला आली पाहिजेत, नाहीतर एका पायाचे बक्कल दुसऱ्यात अडकून माणूस तोंडावर आपटतो. दुकानात स्वत:चे बूट व मोजे घालूनच गेटर चढवावेत, उकिडवे बसावे, एखाद्या उंच पायरीवर पाय ठेवून वर चढावे. दुकानदार कंटाळला तरी हरकत नाही. काढल्यावर कातडीवर खोल वळ दिसला तर तो जोड आपला नव्हे.

सर्पदंशाविषयी एक गैरसमज दूर करणे अत्यावश्यक आहे. २००० ते २०१९ ह्या काळात भारतात दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. बहुतेक दंश पायाला होतात. दिल्लीच्या रिजवर नाग, मण्यार आणि कोकणात सर्वांना परिचित असलेले फुरसे, हे विषारी साप आढळतात. तेव्हा गेटर घातला की सापाचे भय संपले, असे विक्रेते सुचवितात. हे खरे नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात खुळखुळ्या सापांना कृत्रिम हातांवर दंश करावयास लावले. जाड डेनिम कापडाच्या आवरणामुळे आत उतरलेले विष निम्म्याहून अधिक घटले. घटले, थांबले नाही. साधा कापडी गेटर ह्याहून जास्त आश्वासन देऊ शकत नाही. सापापासून संरक्षणासाठी खास बनविलेले ताठ पत्र्यासारखे गेटर वेगळे. ते जड असतात व खडकावर चढताना घोट्याची हालचाल रोखतात. पाऊल कोठे पडते ते पाहणे आणि दगडाच्या फटीत हात न घालणे हेच अधिक विश्वसनीय. दंश झालाच तर गेटर आणि बूट ताबडतोब काढावेत, कारण सूज चढू लागली की तेच बंधन बनतात. गेटरचा पट्टा आवळून विष अडविण्याचा प्रयत्न कदापि करू नये. पाय न हलविता रुग्णाला शक्य तितक्या लवकर रुग्णालयात पोचवावे.

दिल्लीतून हिमाचल किंवा उत्तराखंडाकडे निघणारे अनेक जण एकच जोड दोन्हीकडे वापरू पाहतात. फिरणे मुख्यत: रिजवर असेल तर घोट्याच्या थोडे वर येणारे आखूड, हवेशीर गेटर पुरतात, उंच गवतात शिरावयाचे असेल तर पोटरीभर लांबीचे घ्यावेत. बर्फासाठीचा जलरोधक जोड वेगळा ठेवावा. सह्याद्रीच्या पावसाळी रानातील जळवांना मात्र ह्यांपैकी काहीच अडवीत नाही. त्या गेटरच्या खालून बुटात शिरतात व विणलेल्या मोज्याच्या भोकांतून रक्त पितात. तेथे मोज्यावरून चढवून बुटाच्या आत जाणारा, गुडघ्यापर्यंतचा घट्ट विणीच्या सुती कापडाचा मोजाच लागतो.

घरी आल्यावर गेटर उलटा करून झटकावा, वेल्क्रोतील कुसळे चिमट्याने काढावीत, आणि तळपट्ट्याचे धागे सुटू लागले असतील तर पुढच्या फेरीपूर्वीच तो बदलावा.