घरचा आजारी कोंबडा : औषधाआधीची शुश्रूषा

कुक्कुटपालन हा शब्द उच्चारला की हजारो पक्ष्यांची लांबलचक शेड डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु परसदारी चार-पाच कोंबड्या बाळगणारी घरेही आपल्या देशात असंख्य आहेत आणि महानगरे त्याला अपवाद नाहीत. कोलकात्याच्या दाट वस्तीच्या गल्ल्यांत, तसेच शहरालगतच्या हावडा, हुगळी व दक्षिण चोवीस परगणा या जिल्ह्यांतील अंगणांत कोंबड्याची बांग आजही ऐकू येते.

अशा घरांत तरुण कोंबडा पुष्कळदा योगायोगानेच येतो. अंड्यांसाठी पैदास करणाऱ्या उबवणी केंद्रांत नर पिल्लांना फारसे मोल नसते. ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही सावकाश वाढतात. त्यामुळे ती स्वस्तात विकली जातात, कित्येकदा रंगवून बाजारात आणली जातात आणि मुलांच्या हट्टापायी घरी येतात. दोन-तीन महिन्यांत तुरा लाल होऊ लागतो, फाटक्या आवाजात पहिली बांग ऐकू येते, आणि एके दिवशी तोच पक्षी पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेला आढळतो.

या वेळी बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर माणसांची उरलेली औषधे किंवा दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची पुडी पाण्यात कालवली जाते. नाही तर ‘आता हा जगत नाही’ असे म्हणून सुरी काढली जाते. पहिल्या उपायाने पक्ष्याचे नुकसान संभवते, दुसऱ्याने घरातील माणसांचे. या दोहोंआधी करावयाच्या काही साध्या गोष्टी आहेत आणि पक्ष्याचे जगणे-मरणे पुष्कळदा त्यांवरच अवलंबून असते.

आजार उशिरा का दिसतो?

एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक असलेले एडवर्ड ब्लाइथ यांचा चार्ल्स डार्विन यांच्याशी पत्रव्यवहार होता. घरगुती कोंबडी ही तांबड्या रानकोंबडीपासून उत्पन्न झाली, हे डार्विन यांचे मत घडण्यात ब्लाइथ यांनी पुरविलेल्या माहितीचा मोठा वाटा होता. हा रानकोंबडा सुंदरबनात आजही आढळतो. रानात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या तोंडी आधी पडतो; म्हणून दुखणे लपविणे हा त्याचा जन्मजात स्वभाव झाला. घरच्या कोंबड्यातही तो टिकून आहे. तो उघडपणे आजारी दिसतो तेव्हा आजार पुष्कळसा पुढे गेलेला असतो. ‘उद्या पाहू’ असे म्हणण्यास फारसा अवधी उरलेला नसतो, तो यामुळे.

पहिले चोवीस तास

पहिले काम विलगीकरणाचे. आजारी पक्षी तत्काळ इतरांपासून दूर, मोठ्या खोक्यात किंवा डालग्याखाली ठेवावा. त्याची भांडी वेगळी असावीत. आधी निरोगी कोंबड्यांचे खाणेपिणे उरकावे, मग आजाऱ्याकडे जावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत. ती रोज बदलता येतात आणि त्यांवर विष्ठा स्पष्ट दिसते.

दुसरे काम उबेचे. कोंबड्याच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. खाणे सुटलेल्या पक्ष्याला ते टिकविता येत नाही आणि उरलीसुरली शक्ती त्यातच खर्च होते. खोक्याच्या एका बाजूस सुरक्षित अंतरावर साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा लावावा. एलईडी दिव्याची उष्णता पुरत नाही. दिवा नसल्यास फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली चालते. दुसरी बाजू मात्र थंड राहू द्यावी, म्हणजे पक्षी आपली जागा स्वतः निवडतो. कोलकात्याच्या वैशाखात स्थिती नेमकी उलट असते. चोच उघडी ठेवून धापा टाकणाऱ्या आणि पंख पसरून उभ्या राहिलेल्या पक्ष्याला सावली, वारा व गार पाणी हवे असते.

तिसरे काम पाण्याचे. निरोगी कोंबडी जितके खाते त्याच्या साधारण दुप्पट वजनाचे पाणी पिते. जुलाब होत असल्यास तूट झपाट्याने वाढते. औषधांच्या दुकानात मिळणारी जलसंजीवनीची पुडी वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात विरघळवून एक-दोन दिवस, दिवसातून काही तास ठेवावी. एरवी साधे स्वच्छ पाणी असावे. अंदाजाने जादा मीठ घालू नये, कारण पक्ष्यांना अधिक मीठ घातक ठरते. चोच उघडून पाणी ओतणे तर कटाक्षाने टाळावे. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असल्याने पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा व पक्ष्याला तो आपणहून गिळू द्यावा.

अन्नाची घाई करू नये. पक्षी सावरू लागला की नेहमीचे खाद्य पाण्यात भिजवून मऊ करून द्यावे. उकडलेल्या अंड्याचा बारीक चुराही चालतो.

निरीक्षणाची वही

पशुवैद्यकास सर्वाधिक उपयोग होतो तो मालकाच्या नोंदींचा. गळ्याच्या पायथ्याशी असलेली अन्नपिशवी संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असली पाहिजे. सकाळी ती टणक लागल्यास अन्न अडकले आहे, आणि मऊ, फुगलेली व आंबूस वासाची असल्यास आत बुरशी वाढली आहे, असा संशय घ्यावा.

नेहमीची विष्ठा तपकिरी असून तिच्यावर पांढरा थर असतो. दिवसातून काही वेळा होणारी चिकट, गडद व दुर्गंधीयुक्त विष्ठाही स्वाभाविकच आहे. तिला अनेक जण जुलाब समजतात. हिरवी पातळ विष्ठा गंभीर रोगात दिसते, परंतु उपाशी पक्ष्यातही पित्तामुळे तो रंग येतो. रक्त दिसल्यास मात्र विलंब करू नये. पंखांखाली व शेपटीच्या मुळाशी उवा-गोचिडे आहेत का ते पाहावे. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करावे; पिसांच्या आड लपलेली घट काट्यावर लपत नाही.

एक लक्षण, तीन कारणे

मान मुरगळणे किंवा पाय लुळे पडणे हे लक्षण पाहून बहुतेकांना मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग आठवतो. कुमाऊँमधील राणीखेत येथे १९२७ च्या सुमारास आढळल्यावरून आपल्याकडे त्यास हे नाव पडले. इंग्लंडमध्ये तो न्यूकॅसल रोग म्हणून ओळखला जातो. हा विषाणूजन्य रोग अतिशय संसर्गजन्य असून त्यावर खात्रीचे औषध नाही. एक पाय पुढे व एक मागे ताणून पडलेल्या तरुण पक्ष्यात मरेक या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाचा संशय घ्यावा लागतो.

परंतु असेच लक्षण केवळ आहारातील उणिवेमुळेही दिसते. १८९० नंतरच्या दशकात बटाविया, म्हणजे आजचे जकार्ता, येथे ख्रिस्तियान आइकमन हे डच वैद्य बेरीबेरीवर संशोधन करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या लुळ्या पडू लागल्या आणि काही काळाने आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंती असे कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातील पॉलिश केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नव्या स्वयंपाक्याने तो देण्याचे नाकारल्यावर कोंड्यासहित तांदूळ सुरू झाला आणि पक्षी सुधारले. तांदळाच्या कोंड्यात असलेल्या या आवश्यक घटकाला पुढे ब-१ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. या कार्यासाठी आइकमन यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

ही कथा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचते. बंगालमध्ये काय आणि कोकणात काय, घरच्या कोंबड्याला उरलेला भात घालण्याची पद्धत आहे. बंगालचा ‘सिद्ध चाल’ आणि कोकणचा उकडा तांदूळ यांत उकडण्याच्या क्रियेमुळे ब-१ जीवनसत्त्व बऱ्याच प्रमाणात दाण्यात मुरते. पांढऱ्या तांदळात ते फार थोडे उरते. केवळ पांढऱ्या भातावर वाढलेला कोंबडा मान मागे टाकून आकाशाकडे पाहत बसला, तर ब-१ दिल्यावर काही तासांतच सुधारणा दिसू शकते. तथापि कारण निश्चित होईपर्यंत त्याला संसर्गजन्य रोग झाला आहे असे गृहीत धरून वेगळेच ठेवावे.

पावसाळ्यातील दोन संकटे

जून ते सप्टेंबर या काळात कोलकात्यात जमीन सुकत नाही. ओल्या तुसात कॉक्सिडिया हे परजीवी बळावतात आणि रक्ती हगवण सुरू होते. तीवर अँप्रोलियम हे औषध दिले जाते. त्याची रचना ब-१ जीवनसत्त्वासारखी असून ते परजीवीची ब-१ ची वाटच अडविते. म्हणून त्याच वेळी ‘शक्तीसाठी’ ब-१ चे टॉनिक दिल्यास औषधाचा प्रभाव घटतो. चांगल्या हेतूने दिलेली दोन औषधे एकमेकांच्या विरोधात कशी जातात, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसरे संकट देवीचे. डासांमार्फतही पसरणाऱ्या या रोगात तुऱ्यावर व डोळ्यांभोवती चामखिळीसारख्या पुटकुळ्या येतात. खपल्या उकरू नयेत. मऊ अन्न, मच्छरदाणी व स्वच्छता एवढ्यावर सौम्य रोग तीन-चार आठवड्यांत ओसरतो. तोंडाच्या आत चट्टे दिसल्यास मात्र पशुवैद्यकाकडे जावे.

औषध कोणी ठरवावे?

माणसाला मानवणारे औषध पक्ष्याला मानवेलच असे नाही. डायक्लोफेनॅक हे आपले नित्याचे वेदनाशामक. ते दिलेल्या जनावरांची कलेवरे खाऊन गिधाडे मोठ्या संख्येने मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा कुक्कुटपालनातील वापर २०१९ मध्ये प्रतिबंधित झाला, कारण जंतू त्याला दाद देईनासे झाल्यास माणसांवरील अखेरचा उपायही हातचा जातो. म्हणून औषध पशुवैद्यकानेच ठरवावे. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा जसा आधार वाटतो, तसा कोलकात्यात बेलगाछिया येथील पशुवैद्यकीय विद्यापीठाचा. औषध दिलेल्या पक्ष्याचे मांस किती दिवस वर्ज्य करावे, हेही तेथेच विचारावे.

घरातील माणसांसाठी

भारतातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगालच्या बीरभूम व दक्षिण दिनाजपूर जिल्ह्यांत तो उद्भवला, वेगाने पसरला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. त्या साथीत परसातील कोंबड्यांची हानी मोठी होती. सौम्य समजल्या जाणाऱ्या एच-९ एन-२ या प्रकाराची बाधा २०१९ मध्ये मेळघाटातील एका बालकाला झाली होती. पश्चिम बंगालमधील एका बालकाला ती झाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. दोन्ही राज्यांतील पालकांनी यातून घ्यावयाचा बोध एकच : आजारी पक्ष्याची शुश्रूषा प्रौढ व्यक्तीने, नाकातोंडावर फडके बांधून करावी, मुलांनी त्याला कवटाळू नये.

आजारी पक्षी कापून खाऊ नये आणि विकूही नये. एकाहून अधिक पक्षी अकस्मात मेले, तुरा निळसर पडला वा डोके सुजले, तर त्यांना हात न लावता शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मेलेला पक्षी तळ्यात वा गटारात टाकू नये. अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने चुना टाकून खोल पुरावा.

दूरदृष्टीची बचत

राणीखेतची पहिली लस पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंब टाकून देतात. पुढची, आर-२-बी, आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचतात. बाजारातून आणलेल्या नर पिल्लाला ती मिळालेली असेलच असे नाही, म्हणून पशुवैद्यकास विचारून द्यावी. लस निरोगी पक्ष्यालाच द्यावयाची असते. नवा पक्षी आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा.

परसातील कोंबड्या ही अनेक बचतगटांतील भगिनींची चालती-बोलती ठेव असते. किसान क्रेडिट कार्डाची सोय कुक्कुटपालनाच्या खेळत्या भांडवलासही लागू झाली असून २०१९ मध्ये तिच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. अशा कर्जाच्या पाहणीस जाणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या संख्येबरोबर ‘लस केव्हा टोचली?’ आणि ‘आजारी पक्षी ठेवायला वेगळी जागा आहे का?’ हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. एक रिकामे खोके, एक दिवा, स्वच्छ पाणी आणि वेळीच दिलेले लक्ष यांना खर्च फारसा येत नाही. त्यांच्या अभावी मात्र एका कोंबड्यामागोमाग सारे खुराडे रिकामे होऊ शकते.