हीट प्रेसचा आकडा आणि कापडाची जात

अकोटच्या सतरंज्यांचे एके काळी वऱ्हाडाबाहेरही नाव होते. सतरंजी घेणारे गिऱ्हाईक आधी रंगाची चौकशी करी, किंमत मागाहून. रंग पक्का आहे की कच्चा? ओला पांढरा रुमाल घासून पाहायचा, रुमालाला रंग लागला तर माल परत. कापडाच्या धंद्यात पडलो तेव्हा आम्हालाही वडीलधाऱ्यांनी हीच परीक्षा शिकवली, आणि बरीच वर्षे तिने आम्हाला दगा दिला नाही.

२०१९ साली दिला. तालुक्यातील एका क्रिकेट संघाच्या ४४ लाल जर्सी आमच्याकडे नाव-नंबर टाकण्यासाठी आल्या. कापड डॉट निट, म्हणजे निव्वळ पॉलिस्टर. सवयीप्रमाणे ओला रुमाल घासला, रुमाल स्वच्छ राहिला. रंग पक्का समजून आम्ही पांढरे व्हिनाईल कापले आणि १६० अंश सेल्सियसवर १५ सेकंद दाबून माल देऊन टाकला. नंबर दुधासारखे पांढरे उठले होते. तिसऱ्या दिवशी संघाचा कप्तान दोन जर्सी घेऊन दुकानात आला. "चाचा, नंबर गुलाबी कायले झाले जी?"

धुण्यापूर्वीच गुलाबी झाले होते. कापड त्यांचे होते, भरून आम्हाला द्यावे लागले. पैसा गेला त्यापेक्षा, स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोरांना साध्या बनियनवर खेळायला लागेल की काय, ही काळजी जास्त होती. उधारीवर दुसरा माल आणून रात्रीतून काम केले. तेव्हापासून या विषयाची वही ठेवली आहे. आज अकोट, तेल्हारा, अंजनगाव या बाजूला घराच्या पुढच्या खोलीत हीट प्रेस आणि कटिंग प्लॉटर मांडून बसलेले आपले अनेक तरुण आहेत. त्यांना त्या वहीतले चार आकडे उपयोगी पडतील म्हणून हा लेख.

आधी गुलाबी रंगाचा उलगडा करू. सुताला रंग पाण्यात देतात. पॉलिस्टर पाणी पीत नाही, म्हणून त्याला जो डिस्पर्स जातीचा रंग देतात तो मोठ्या उष्णतेने धाग्याच्या आत शिरतो. धागा थंड झाला की रंग आत कोंडला जातो. पाण्याने तो निघत नाही, म्हणून रुमाल स्वच्छ राहतो. पण ज्या वाटेने तो आत गेला ती उष्णतेची वाट आहे, आणि प्रेसची प्लेट नेमकी तीच वाट पुन्हा उघडते. तापलेला रंग वाफेसारखा वर चढतो आणि वरच्या पांढऱ्या थरात मुरतो. सब्लिमेशन छपाईचा सगळा धंदा याच गुणावर चालतो. तेथे कागदावरचा रंग साधारण २०० अंशांवर कापडात उतरवतात. जो गुण त्यांना रोजी देतो तो आपल्याला बुडवतो. लाल, मरून आणि गर्द निळ्या जर्सीवर हा धोका सर्वात मोठा, आणि सब्लिमेशनने छापलेल्या जर्सीवर तर हमखास. थोडक्यात, हा रंग पाण्यात पक्का आणि आगीत कच्चा असतो.

म्हणून कापड हातात आले की पहिले काम त्याची जात ओळखण्याचे. लेबलावर विसंबू नये. आतल्या शिवणीतला एक धागा काढून काडी लावावी. सूत कागदासारखे जळते, वास कागदाचा, राख करडी आणि मऊ. पॉलिस्टर आक्रसते, वितळते, काळा धूर सोडते आणि शेवटी कडक काळा मणी उरतो. दोन्ही लक्षणे दिसली तर ते पीसी, म्हणजे मिश्र कापड. तिरुपूरहून येणारा साधा गोल गळ्याचा टी-शर्ट बहुधा सुती असतो, पण स्वस्त मालात 'कॉटन' म्हणून पीसी गळ्यात मारण्याचे प्रकार आम्ही पाहिले आहेत.

आता आकड्यांकडे वळू. नेहमीचे पीयू व्हिनाईल सुती कापडावर १५० ते १६० अंश सेल्सियस, १२ ते १५ सेकंद, मध्यम दाबाने चांगले बसते. पीसीवर १५० च्या वर जाऊ नये, १० ते १२ सेकंद पुरतात. ग्लिटर आणि मखमलीसारखे फ्लॉक जाड असते, उष्णता आतल्या गोंदापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून १६० वर १५ ते २० सेकंद. गर्द रंगाच्या निव्वळ पॉलिस्टरसाठी मात्र साधे व्हिनाईल बाजूला ठेवावे आणि १२० ते १३० अंशांवर चिकटणारे कमी तापमानाचे व्हिनाईल घ्यावे, किंवा मागे रंग अडवणारा करडा थर असलेले. दोन्ही महाग पडतात. गिऱ्हाइकाला दर सांगण्यापूर्वीच ते धरावे, मागाहून वाढवून मागू नये. आणि काम हाती घेण्यापूर्वी जर्सीच्या आतल्या बाजूला, खालच्या पट्टीवर पांढऱ्या व्हिनाईलचा बोटभर तुकडा दाबून दोन दिवस ठेवून द्यावा. आमच्या लाल जर्सीवर हा तुकडा लावला असता तर ४४ च्या ऐवजी एकच जर्सी गेली असती.

हे आकडे आमच्या मशीनवरचे आणि आमच्या मालाचे आहेत. व्हिनाईलच्या पाकिटावर कंपनीने जो आकडा दिला असेल तो पहिला मान्य करावा, मग आपल्या मशीनवर तपासावा. कारण मशीनच्या पट्टीवर दिसणारा आकडा आणि कापडाला लागणारी उष्णता या दोन गोष्टी एक नसतात.

यात सर्वात साधी चूक अंशांची. बाहेरून आलेल्या बऱ्याच मशीन सेल्सियस आणि फॅरेनहाइट दोन्ही दाखवतात, एक बटण दाबले की बदल होतो. ओळखीच्या एका तरुणाने नवी मशीन आणली, १६० लावले आणि व्हिनाईल काही केल्या चिकटेना. चार दिवस तो व्हिनाईल विकणाऱ्याशी भांडत होता. आम्ही जाऊन पाहिले तर मशीन फॅरेनहाइटवर होती. फॅरेनहाइटचे १६० म्हणजे जेमतेम ७१ अंश सेल्सियस! त्याला हवे होते ३२०. उलटी चूक झाली तर कापडच जळते. व्हिनाईलवाल्याची त्याने नंतर माफी मागितली, हे त्याच्या भल्याचे झाले, कारण माल अजून तिथूनच येतो.

दुसरी गोष्ट प्लेटची. पंधरा बाय पंधरा इंचांची प्लेट मध्ये तापते तितकी काठाला तापत नाही, स्वस्त मशीनमध्ये तर कोपरे बरेच थंड राहतात. पाठीवरचे मोठे नाव छापताना पहिले आणि शेवटचे अक्षर उखडते, त्याचे कारण पुष्कळदा हेच. उष्णता दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या मध्ये आणि चारी कोपऱ्यांत ठेवून एकदा दाबून पाहावे. इन्फ्रारेड बंदुकीने मोजणारेही आहेत, पण उघड्या चकचकीत धातूवर ती बंदूक कमी आकडा सांगते. काळ्या थराच्या प्लेटवरच तिच्यावर भरवसा ठेवावा.

तिसरी गोष्ट विजेची, आणि आपल्या भागात हीच सर्वात जास्त नडते. अशी मशीन साधारण दीड हजार वॉट खाते, म्हणून तिला मोठा सॉकेट आणि जाड वायर हवी. टीव्हीच्या बोर्डावर ती लावू नये. व्होल्टेज उतरले की उष्णता त्याच्या वर्गाच्या हिशेबाने उतरते. २२० चे १८० झाले तर प्लेटला मिळणारी शक्ती दोन तृतीयांशच उरते. आकडा १६० पर्यंत चढतो खरा, पण एकामागून एक कापड दाबत गेलो की प्लेट थंड पडते आणि पुन्हा तापायला वेळ घेते. सायंकाळी व्होल्टेज कमी असताना घाईचे काम केले आणि नेमका शेवटचा माल उखडून परत आला, असे आमच्याही बाबतीत झाले आहे. आता आकडा पुन्हा वर आल्याशिवाय आमचा कारीगर हँडल ओढत नाही.

पावसाळ्यात आणखी एक शत्रू असतो, ओल. सूत हवेतले पाणी धरते. नेहमीच्या दमट हवेत त्याच्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के पाणी त्यात असते, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही नसते. ही ओल प्लेटखाली वाफ होते आणि व्हिनाईलला खालून उचलते. म्हणून व्हिनाईल ठेवण्यापूर्वी नुसते कापड तीन ते पाच सेकंद दाबून वाफ जाऊ द्यावी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा या पायरीचा कंटाळा येतो, पण सुरकुती मोडण्यासाठी ती तेव्हाही करावी. उन्हाळ्यात जपायचे ते व्हिनाईलच्या गुंडाळ्यांना. टिनाच्या छपराखाली, उन्हाच्या कवडशात त्या ठेवू नयेत.

दाबाचे माप डोळ्यांनी कळत नाही. प्लेटच्या चारी कोपऱ्यांत कागदाचा एकेक कपटा ठेवून मशीन बंद करावी आणि ओढून पाहावे. चारही सारख्याच नेटाने अडले पाहिजेत. एक सहज निघाला तर त्या कोपऱ्यात दाब नाही. चेन, बटण, जाड शिवण मध्ये आली की प्लेट उचलली जाते, तेथे छपाईच्या खाली फोमची उशी सरकवावी. पॉलिस्टरवर जास्त दाब दिला की प्लेटचा चौकोनी ठसा उमटतो आणि तो चमकत राहतो, म्हणून तेथे हात हलका आणि वर टेफ्लॉनची शीट. दोन-तीन रंग एकावर एक बसवायचे असतील तर खालच्या थरांना तीन ते पाच सेकंदच द्यावेत, पूर्ण वेळ शेवटच्या थराला. नाहीतर खालचा थर तीनदा भाजला जातो.

वरची फिल्म गरम सोलायची की थंड, हे पाकिटावर लिहिलेले असते. थंड सोलायचे व्हिनाईल गरमच ओढले तर अक्षराच्या कडा सोबत येतात. फिल्म काढल्यावर टेफ्लॉन ठेवून पुन्हा तीन-चार सेकंद दाबावे. पहिली धुलाई २४ तासांनंतर, कपडा उलटा करून, आणि छपाईवर थेट इस्त्री नको. आपल्याकडे धोपाटण्याने कपडे बडवतात, हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावेच लागते. आम्ही पिशवीत चिठ्ठीही टाकतो.

नायलॉनबद्दल वेगळे सांगायला हवे. हजला जाणाऱ्या मंडळींच्या पिशव्यांवर नाव टाकून मागतात. या पिशव्या पुष्कळदा नायलॉनच्या असतात आणि आतून-बाहेरून पाणी न लागण्याचा लेप असतो. साधे व्हिनाईल त्यावर आज चिकटते आणि प्रवासात निघून येते. नायलॉनसाठीचे वेगळे व्हिनाईल मिळते, ते नसेल तर काम घेऊ नये. नाव ओळखीसाठी असते, मक्केच्या गर्दीत ते गळून पडून कसे चालेल? आम्ही अशा वेळी भरतकाम करणाऱ्याकडे पाठवतो.

अलीकडे डीटीएफ आले आहे आणि बारीक रंगीत चित्रांचे काम बहुतेक तिकडे गेले. नाव-नंबरला व्हिनाईल अजून परवडते. डीटीएफची फिल्मही याच प्रेसखाली दाबायची असते आणि गर्द पॉलिस्टरवर तिचाही पांढरा थर गुलाबी होतो, तेव्हा वरचे सगळे तिलाही लागू आहे.

आमच्या वहीत प्रत्येक कामाला एक ओळ असते: तारीख, कापड, रंग, व्हिनाईल कोणते, अंश, सेकंद, कसे सोलले, आणि तीन धुलाईनंतर काय झाले. शेवटचा रकाना भरायला आम्ही प्रत्येक मालातला एक तुकडा घरी धुवायला देतो. घरच्यांनी सुरुवातीला नाराजी दाखवली, आता तेच विचारतात की या आठवड्याचे चिंधुक कुठे आहे.

तो क्रिकेट संघ दोन हंगामांनी पुन्हा आला. जर्सी याही वेळी लालच. आम्ही कमी तापमानाचे व्हिनाईल मागवले, १२५ अंश लावले आणि चाचणीसाठी एक जर्सी दोन दिवस ठेवून घेतली. कप्तान रोज सायंकाळी येऊन पांढरा तुकडा निरखून जात होता. तो तुकडा वहीच्या त्या पानाला टाचलेला आहे, अजून पांढरा.